एका घरापुरतं लाकूड

शनिवारी सकाळी न्यू बेथेल चर्चच्या मागच्या हॉलमध्ये व्हर्नेटा मोठ्या पातेल्यात मक्याची लापशी ढवळत उभी होती, आणि तिच्या हातातून पळी काढून घ्यायची कुणाची छाती होत नव्हती. अंगात कुणाचा तरी पुरुषी स्वेटर, पायांत दोन वेगवेगळे बूट, केसांत भिंतीतल्या भरावाचा गुलाबी कापूस अडकलेला. तो काढायला एकदोघी पुढे झाल्या, तर तिनं मान झटकली.

"लापशी खाली लागेल," ती म्हणाली.

आदल्या संध्याकाळी टोर्नेडोनं मिसिसिपीतल्या बेलफोर गावाचा पूर्वेकडचा सगळा भाग पुसून नेला होता. पाण्याची टाकी आडवी पडली, कापसाच्या जिनचा पत्रा झाडांवर चिंध्यांसारखा लोंबकळत होता. चर्चचं पुढचं छप्पर अर्धं उडालं होतं, पण मागचा हॉल आणि स्वयंपाकघर शाबूत होतं. म्हणून उजाडायच्या आत ज्याला चालता येत होतं तो माणूस इथं आला होता. कुणी घरातलं उरलंसुरलं मांस आणलं, कुणी गॅसची शेगडी. मंडळीतल्या बायकांनी टेबलं मांडली. पुरुषांनी करवती आणि ताडपत्र्या काढल्या. व्हर्नेटा म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये स्वयंपाकीण होती, शे-दीडशे माणसांचं जेवण तिच्या हाताखालचं. तिनं कुणाला न विचारता शेगडी पेटवली.

तिचा नवरा हर्शेल सापडत नव्हता.

आदल्या दिवशी ती ताटं वाढत असताना त्याच्या आईचा फोन आला होता. सगळा गाव तिला मिस आयोन म्हणे, तसंच सूनही म्हणे. म्हातारी गावाबाहेर वडलांच्या जमिनीवर एकटी राहायची. हर्शेलनं फोन कानाला लावला, तर तिचा आवाज व्हर्नेटालाही ऐकू आला. "अरे, आभाळ हिरवं झालंय. मला एकटीला भीती वाटतेय. ये ना."

"न्हाणीतल्या टबात झोपा म्हणावं आणि वरून गादी ओढा," व्हर्नेटा म्हणाली. "मागच्या वेळी तेच केलं होतं."

"तिला एकटीला ओढवेल का गादी?"

"न ओढवायला काय झालं? कोंबड्यांचं खुराडं एकटी हलवते ती. जाऊ नकोस."

तो हसला. किल्ल्या घेतल्या. "हा गेलो आणि हा आलो. ताट झाकून ठेव."

तो वळणावर दिसेनासा झाला आणि वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा सुरू झाला. व्हर्नेटा कपड्यांच्या कपाटात शिरली. बाहेर आली तेव्हा घर नव्हतं, फक्त कपाट होतं.

मिस आयोनला टबातून जिवंत काढलं. गादी तिनं एकटीनंच ओढून घेतली होती. हर्शेल तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्याची पिकअप सोयाबीनच्या रिकाम्या रानात उलटी पडलेली सापडली. दार उघडं, आत कुणी नाही.

आता म्हातारी हॉलच्या त्या टोकाला डोक्याला पट्टी बांधून बसली होती. डोक्याला मार लागल्यानं तिला धड काही उमगत नव्हतं. दार वाजलं की ती मान वर करायची. "हर्शेल आला का?"

"येईल हं, येईल," ल्युव्हेनिया म्हणायची आणि तिच्या हातात कॉफी द्यायची.

ल्युव्हेनिया म्हणजे व्हर्नेटाची शाळेपासूनची मैत्रीण. तिचं घर व्हर्नेटाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. वादळानं तिच्या घराच्या खिडकीची काचसुद्धा फोडली नव्हती.

"जाऊन बस ना तिच्याजवळ थोडी," ल्युव्हेनिया पातेल्याजवळ येऊन हळूच म्हणाली. "तुलाच शोधतेय ती."

"मला नाही शोधत. त्याला शोधतेय."

"अगं, पण..."

"ल्युव्हेनिया, वाडगे संपलेत. वाडगे आण."

दिवसभर माणसं येत राहिली, खात राहिली. तिच्याकडे बघायची आणि नजर वळवायची. "प्रार्थना करतोय तुझ्यासाठी," असं प्रत्येकजण म्हणत होता. ती मान डोलवत होती आणि पुढचा वाडगा भरत होती. हात थांबला तर काय होईल हे तिला माहीत होतं.

*

रविवारी चर्चच्या अंगणात उपासना झाली. आत छपराचे तुकडे खाली पडत होते. घड्या घालायच्या खुर्च्या ओल्या गवतात मांडल्या. ज्यांचे कपडे शिल्लक होते ते रविवारचे कपडे घालून आले. ल्युव्हेनियानं जांभळी टोपी घातली होती. पाळक टॉलिव्हर, सत्तरी ओलांडलेले, कमरेचं हाड बदललेलं, झगा घालून उभे राहिले. गाणं झालं. मग नेहमीसारखं त्यांनी विचारलं, देवानं आपल्यासाठी काय केलं याची कुणाला साक्ष द्यायची आहे का.

ल्युव्हेनिया उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि जे बोलली ते मनापासून बोलली. "मी जिन्याखाली बसले होते. वर आगगाडी गेल्यासारखा आवाज झाला. मी म्हटलं, प्रभू, तुझा हात ठेव. आणि त्यानं हात ठेवला! माझ्या घरावर त्यानं स्वतःचा हात ठेवला!"

"आमेन," दोनचार जण म्हणाले.

व्हर्नेटा मागच्या रांगेत बसली होती. ती उभी राहिली तेव्हा लोकांना वाटलं, तिलाही साक्ष द्यायची आहे.

"मग माझ्या घरावरचा कुठं नेला?" ती म्हणाली.

लोक मागं वळून बघायला लागले.

"नाही, मला सांगा ना. तुझं घर इथं, माझं तिथं. तुझ्यावर हात ठेवला तेव्हा माझ्या माणसाला काय बोटानं उडवलं? काय केलं होतं त्यानं? आईला आणायला गेला होता. चर्चची गाडी कोण चालवायचं? बाप्तिस्म्याचा हौद कोण घासायचं? सांगा की कुणीतरी! सगळे कालपासून प्रार्थना करताय ना?"

ल्युव्हेनियाचं तोंड उघडंच राहिलं. कुणीतरी रडू लागलं. दोघी व्हर्नेटाला धरायला धावल्या, तर पाळकांनी हातानं त्यांना थांबवलं. ते तिच्याकडे बघत उभे राहिले. त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं, तेवढ्यासाठीच तर माणसं त्यांच्याकडे बघत होती. पण त्यांनी गळ्यापासून झग्याची बटणं काढायला सुरुवात केली. झगा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"उपासना संपली," ते म्हणाले. "सगळे रानात चला. हर्शेल सापडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही."

"पास्टर, सरकारी शोधपथक आहे ना तिकडं," एक डीकन, चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, म्हणाला.

"त्यांची माणसं किती, रान केवढं! आपण किती आहोत बघ."

आणि सगळी मंडळी निघाली. रविवारचे बूट, कडक इस्त्रीच्या विजारी, टाचांच्या चपला हातात घेतलेल्या बायका. पिकअप सापडली होती तिथून त्यांनी हाताला हात लागेल अशी रांग धरली आणि चिखलातून चालायला लागले. रानात काय काय पडलं होतं! शिवणयंत्र, अर्धी नाव, कुणाच्या तरी लग्नातला झगा, मेलेल्या कोंबड्या. दर थोड्या वेळानं कुणीतरी ओरडायचं आणि सगळी रांग थांबायची. कुत्रं असायचं, नाहीतर गादी असायची. मग पुन्हा चालायचं. कुणी स्तोत्र म्हणायला लागलं, पण सूर धरवेना, ते आपोआप थांबलं. व्हर्नेटा रांगेच्या मधोमध होती. तिच्या डाव्या हाताला ल्युव्हेनिया येऊन उभी राहिली.

उन्हं कलली तेव्हा ल्युव्हेनियाच थांबली. रानातलं पाणी काढून देणाऱ्या चराच्या काठावर. ती ओरडली नाही. तिनं फक्त व्हर्नेटाचं मनगट धरलं. मग स्वतः चरात उतरली, मांडीपर्यंत पाण्यात. अंगातला कोट काढून तिनं त्याच्या तोंडावर घातला, आणि तशीच पाण्यात उभी राहून रडायला लागली.

व्हर्नेटा रडली नाही. ती काठावर बसली आणि चिखलातला त्याचा एक पाय हातानं पुसत राहिली. बूट त्याचाच होता, तिनंच आणलेला.

*

मिस आयोनला सांगायला पाळक आणि व्हर्नेटा गेले. दोन दिवसांत म्हातारीचं डोकं थोडं ठिकाणावर आलं होतं. त्यांचे चेहरे बघूनच ती समजली. तिनं आरडाओरडा केला नाही. हातातला पेला खाली ठेवला आणि सुनेकडे बघत विचारलं, "मी बोलावलं म्हणून का गं?"

हॉलमध्ये जेवणारे हात थांबले. सगळ्यांना एकच उत्तर हवं होतं. पाळकांनी व्हर्नेटाच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे जणू ते तिला ते उत्तर द्यायला सांगत होते.

"हो," व्हर्नेटा म्हणाली. "तुम्ही बोलावलं म्हणून."

आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

दफन झालं. त्यानंतर कॅमेरेवाले आले आणि गेले. राज्याराज्यांतल्या चर्चमधून ट्रक येऊ लागले. पाण्याच्या बाटल्यांचे डोंगर, लहान मुलांचे लंगोट, डबाबंद घेवडा. एका ट्रकमधून नुसते फरचे आणि लोकरीचे कोट आले. मिसिसिपीत, एप्रिलच्या तोंडावर!

"यांना वाटतं आपल्यावर बर्फ पडलाय," ल्युव्हेनिया कोटांचा ढीग बघून म्हणाली. कुणीतरी हसलं. व्हर्नेटा हसली नाही. तिनं ते कोट मधल्या बोळात भिंतीला लावून रचले.

टेनेसीच्या डोंगरातल्या एका चर्चची माणसं पिवळे सदरे घालून करवती घेऊन आली. न्यू बेथेलची मंडळी काळी, हे सगळे गोरे. त्यांचा मुकादम गार्लंड नावाचा जाडजूड सुतार होता. पडकं झाड कापायच्या आधीसुद्धा तो घरमालकाची परवानगी घ्यायचा, अगदी झाड घरात घुसलेलं असलं तरी. त्यांच्या बायकांनी डबे भरून बटाट्याचं काहीतरी पाठवलं होतं.

"तुमच्या डोंगरात मीठ महाग आहे का हो?" ल्युव्हेनियानं एक घास खाऊन विचारलं.

"माझी बायको म्हणते, मीठ ज्याचं त्यानं घालून घ्यावं," गार्लंड गंभीरपणे म्हणाला.

ती माणसं फरशीवर झोपत आणि पहाटे उठून कामाला लागत. न्यू बेथेलचं छप्पर त्यांनी आणि मंडळीतल्या पोरापुरुषांनी मिळून घातलं. लोकांना हे दिवस बरे वाटत होते, कारण हाताला काम होतं. वाईट दिवस नंतर आले. ट्रक थांबले. टेनेसीची माणसं आलटून पालटून घरी जाऊ लागली. ज्यांचे नातेवाईक जॅक्सनला किंवा मेम्फिसला होते ते निघून गेले. उरले ते जायला जागा नसलेले.

त्यांत व्हर्नेटा आणि मिस आयोन होत्या. चर्चनं त्यांना रविवारच्या शाळेची खोली दिली. गुडघ्याएवढ्या खुर्च्या कोपऱ्यात रचून दोन घडीच्या खाटा टाकल्या. मध्ये चादर टांगली. व्हर्नेटा नर्सिंग होममधल्या कामावरून यायची, चर्चच्या स्वयंपाकघरात राबायची आणि फक्त पाठ टेकायला खोलीत जायची. म्हातारीशी ती बोलत नव्हती. ल्युव्हेनिया दोघींमधला निरोप्या झाली होती.

"तिला विचार, औषध घेतलं का."

"चादरीपलीकडे तर आहे ती. तूच विचार की."

"तू विचार."

ल्युव्हेनिया विचारायची. तिनं पुन्हा कधी साक्ष दिली नाही. अर्ध्या गावाचे कपडे मात्र तिच्या घरातल्या यंत्रात धुतले जात होते. यंत्र बंद पडलं तर हातानं धुवायची. एकदा तिनं व्हर्नेटाला घरी राहायला बोलावलं.

"तुझ्या घरात मला झोप लागणार नाही," व्हर्नेटा म्हणाली.

"त्या दिवशी मी जे बोलले..."

"राहू दे, ल्युव्हेनिया."

"नाही, मला माहीत नाही तो हात कुठं होता. मी रोज विचारते. मला खरंच माहीत नाही."

व्हर्नेटानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या बोटांची कातडी साबणानं सोलली होती. "जेवलीस का?" व्हर्नेटानं विचारलं.

इकडे म्हातारीनं हळूहळू अन्न टाकलं. ताट पुढं केलं की चमचा हलवायची, तोंडात घालायची नाही. दिवसेंदिवस ती त्या खोलीच्या खिडकीशी लहान मुलाच्या खुर्चीवर बसून असायची. गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. बघवत नव्हतं. व्हर्नेटाला बघवत नव्हतं आणि म्हणून ती बघत नव्हती.

*

मे महिन्यात पाळकांनी दोघींना एकत्र बसवलं. गार्लंडही होता, टोपी हातात घेऊन.

गोष्ट साधी होती. व्हर्नेटाचं घर भाड्याचं होतं, मालक ते पुन्हा बांधणार नव्हता. मिस आयोनकडे जमीन होती, पण ती अजून तिच्या मेलेल्या बापाच्याच नावावर, म्हणून घरासाठी सरकारी मदत द्यायला नकार आला होता. टेनेसीचं चर्च आणि न्यू बेथेल मिळून तिथं घर बांधून द्यायला तयार होते.

"आमच्याकडे एका घरापुरतं लाकूड आहे," गार्लंड म्हणाला. "लहानसं. दोन खोल्या, न्हाणी, स्वयंपाकघर, पुढं ओटा. दोन घरं नाही होणार. खोटं कशाला सांगू?"

"म्हणजे दोघींना मिळून एक," पाळक म्हणाले.

व्हर्नेटा उठून उभी राहिली. "मी चर्चच्या गाडीत झोपेन."

"पोरी..."

"पास्टर, तुम्ही मला भाकरी दिलीत, अंथरूण दिलंत. मी विसरणार नाही. पण हे मागू नका. त्या बाईचा श्वास ऐकला की मला वाटतं, हा श्वास चालू आहे आणि त्याचा..."

मिस आयोन इतके दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. ती आता म्हणाली, "घर तिला द्या. जमीनही तिला द्या. मला कुठंतरी टाका."

"कुठं टाकू, मिस आयोन?" पाळक थकून म्हणाले.

"कुठंही. मला काय, कुठंही बसायचंच आहे."

निर्णय काही झाला नाही. गार्लंडनं सांगितलं की महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर लाकूड दुसऱ्या कुटुंबाला द्यावं लागेल, रांगेत पुष्कळ आहेत. ते त्यानं दरडावून सांगितलं नाही. पण खरं होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी आभाळ पुन्हा हिरवं झालं.

व्हर्नेटा स्वयंपाकघरात कोबी चिरत होती. भोंगा वाजला आणि सुरी तिच्या हातातून पडली. सगळे मधल्या बोळात धावले. तिथं खिडक्या नव्हत्या. माणसं भिंतीला पाठ लावून खाली बसली, लहान मुलं मध्ये घेतली, डोक्यावर ओढायला दुसरं काही नव्हतं म्हणून ते कोट ओढले. कुणाचे दात वाजत होते. एक माणूस मोठ्यानं नुसतं "नको, नको, नको" म्हणत होता. पाळक टॉर्च फिरवत एकेक चेहरा बघत होते.

"मिस आयोन कुठंय?"

"येत नाही म्हणते," ल्युव्हेनिया रडत म्हणाली. "मी ओढलं तिला. खुर्ची धरून बसलीय."

पाळक भिंतीला धरून उठायला लागले, पण कमरेनं दगा दिला. आणि व्हर्नेटाच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत. आपण कधी उठलो ते तिला कळलं नाही.

"व्हर्नेटा! जाऊ नकोस!" ल्युव्हेनियानं तिचा झगा धरला.

"सोड."

खोलीत काचा थरथरत होत्या. बाहेर झाडं एकाच बाजूला झोपली होती. म्हातारी खिडकीकडे तोंड करून त्या लहानशा खुर्चीवर बसली होती, दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरून.

"उठा!" व्हर्नेटा ओरडली.

"जा तू."

"उठा म्हणते ना!"

"माझ्यासाठी कुणी यायचं नाही आता. एकदा आला माझ्यासाठी माणूस. पुरे झालं. जा!"

व्हर्नेटानं तिचा दंड ओढला. हाडंच ती सगळी, पण खुर्चीला चिकटल्यासारखी. व्हर्नेटा आणखी ओढेना. ती म्हातारीच्या समोर फरशीवर बसली, मांडी घालून, पाठ खिडकीकडे करून.

"काय करतेस?"

"बसलेय."

"वेडी झालीस का? काचा फुटतील! उठ!"

"तुम्ही बसलायत, मीही बसते. मलाही काही नको झालंय. तुम्हाला काय वाटतं, एकट्या तुम्हालाच मरावंसं वाटतं?"

छतावर काहीतरी आदळलं. म्हातारीनं वर पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम बदलला. शुक्रवारच्या त्या संध्याकाळी तो जसा झाला असेल तसा, घाबराघुबरा. ती खुर्चीवरून उठली आणि तिनंच व्हर्नेटाच्या काखेत हात घातला.

"चल. चल गं बाई, चल. माझ्यामुळं आणखी एक नको. चल लवकर!"

दोघी एकमेकींना ओढत बोळात शिरल्या तेव्हा मागं खिडकी फुटली. ल्युव्हेनियानं त्यांना खाली पाडलं आणि वर कोट टाकले. अंधार झाला. डांबराच्या गोळ्यांचा वास. व्हर्नेटाच्या खाली म्हातारी होती, तिचं काळीज पाखरासारखं उडत होतं.

"गादी मी एकटीनं ओढली होती," मिस आयोन तिच्या कानाशी म्हणाली. "फोन ठेवला आणि लगेच ओढली. मला जमत होतं. मग कशाला बोलावलं मी त्याला?"

वर छप्पर कण्हत होतं.

"मी सांगितलं होतं त्याला, जाऊ नकोस," व्हर्नेटा म्हणाली. "हसला नुसता. ऐकायचा कुठं कुणाचं?"

"लहानपणापासून तसाच. नाही म्हटलं की हसायचा."

तेव्हा व्हर्नेटा रडली. मार्चपासून आत जे कोंडलं होतं ते कुणा अनोळखी बाईच्या फरच्या कोटात तोंड खुपसून बाहेर आलं. आवाज इतका मोठा होता की बोळातल्या लोकांना वाटलं, तिला लागलंय. ल्युव्हेनियानं अंधारात चाचपडत तिचा पाय शोधला आणि तो धरून ठेवला.

वादळ गावाला चाटून उत्तरेकडे गेलं. त्या दिवशी बेलफोरमध्ये कुणी गेलं नाही. पलीकडच्या गावात गेले.

*

घर उन्हाळ्यात उभं राहिलं. दोघींचं मन जुळलं म्हणून व्हर्नेटानं होकार दिला, असं नाही. तिनं गार्लंडला एवढंच सांगितलं, "बांधा. तिला मी खोलीत एकटी सोडू शकत नाही. पुन्हा खिडकीत जाऊन बसेल."

शनिवारी शनिवारी मंडळी जमायची. ल्युव्हेनिया शिडीवर चढून खिळे ठोकायची आणि अर्धे वाकडे करायची. पाळक सावलीत बसून सरबत वाटायचे. टेनेसीहून तिसरी तुकडी आली. खांब उभे राहिले, भिंतींच्या फळ्या लागायच्या होत्या, तेव्हा त्यांच्या रिवाजाप्रमाणे जो तो उघड्या लाकडावर पेननं बायबलमधलं एकेक वचन लिहू लागला. गार्लंडनं पेन व्हर्नेटापुढं धरलं. तिनं ते हातात घेतलं, लाकडाकडे बघितलं.

"मला काही सुचत नाही," ती म्हणाली. "खोटं लिहायचं नाही मला."

तिनं पेन सासूकडे दिलं. म्हातारीनं न्हाणीच्या दाराशी वाकून सावकाश काहीतरी लिहिलं. व्हर्नेटा वाचायला गेली नाही. गार्लंडनं फळी ठोकली.

राहायला गेल्यावरही काही सोपं झालं नाही. कधी कधी सबंध दिवस दोघी बोलत नसत. कधी मिस आयोन काही खात नसे आणि व्हर्नेटा ताट तिच्यापुढं आपटून म्हणे, "खा, नाहीतर मी नाही खात," आणि मग दोघी रागारागानं खात. जोराचा वारा सुटला की दोघींच्या हाताला घाम यायचा. टेनेसीची माणसं गेली, पण दर मंगळवारी न्यू बेथेलमधलं कुणी ना कुणी येत राहिलं. कुणी गवत कापायला, कुणी नुसतं बसायला. पाळक एकदा आले आणि तासभर ओट्यावर बसून गेले.

ओट्यावरून समोरचं रान दिसायचं. चरही दिसायचा, पाण्यावर ऊन पडलं की चमकायचा. घराचं दार दुसरीकडे करू का, असं गार्लंडनं आधीच विचारलं होतं, आणि दोघींनी एकदमच नको म्हटलं होतं.

एका संध्याकाळी व्हर्नेटा कामावरून आली आणि बूट न काढताच पायरीवर बसली. मिस आयोन मागं खुर्चीवर होती. सोयाबीन आता गुडघाभर झालं होतं.

"तिकडं बघू नकोस," म्हातारी म्हणाली.

"तुम्हीही बघताय."

"मी म्हातारी आहे. मला लांबचं दिसत नाही."

व्हर्नेटानं मान वळवली नाही. थोड्या वेळानं तिनं मागं हात केला, आणि म्हातारीनं कुशीत धरलेल्या वाडग्यातल्या उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मूठभर तिच्या हातात दिल्या. ती एकेक सोलत, समोर बघत बसली.